सार्डिन स्वतःहून डब्यात जात नाही

इंग्रजीत गर्दीसाठी एक बोलीतला वाक्प्रचार आहे, ‘पॅक्ड लाइक सार्डिन्स’. आमच्या कळमेश्वरची पोरे तो गाईडात वाचतात. समोर मराठीत अर्थ छापलेला असतो, ‘खूप गर्दी असणे’. पोरे तेवढे पाठ करतात, परीक्षेत एक वाक्य लिहितात आणि दोन गुण घेऊन मोकळी होतात. सार्डिन म्हणजे काय, हे पोरांना कोणी सांगत नाही आणि पोरेही विचारत नाहीत. सार्डिन ही समुद्रातली लहान मासळी. कोकणात तिच्या भाऊबंदाला तारली म्हणतात. विदर्भाला समुद्र नाही. आमच्या आठवडी बाजारात सुकट येते, सुके बोंबील येतात, पण पत्र्याच्या चपट्या डब्यात तेलात बुडवून, एकीच्या डोक्याशी दुसरीची शेपटी ठेवून, बोटभरही फट न ठेवता रचलेली मासळी आमच्या घरात कोणी पाहिलेली नाही. तो डबा डोळ्यांपुढे आणला की वाक्प्रचाराचा अर्थ कळतो. माणसे नुसती पुष्कळ नाहीत, तर हात हलवायलाही जागा राहू नये अशी एकमेकांना चिकटून कोंबलेली आहेत, असा त्याचा अर्थ आहे. मैदानात लाख माणसे मोकळी उभी असतील तर त्यांना सार्डिन म्हणत नाहीत. बस, रेल्वेचा डबा, लिफ्ट, खोली अशी चारी बाजूंनी बंद जागा असावी लागते. गाईडातला ‘खूप गर्दी’ हा अर्थ म्हणून अर्धाच आहे.

वापराचेही सांगून टाकतो, कारण आमची पोरे मुलाखतींना जाऊ लागली आहेत. हा वाक्प्रचार तोंडी बोलण्याचा आहे. ‘वी वेअर पॅक्ड लाइक सार्डिन्स इन द बस’ असे मित्राला सांगावे, हसत सांगावे. ‘पॅक्ड’च्या जागी ‘क्रॅम्ड’ किंवा ‘स्क्वॅश्ड’ म्हटले तरी चालते. ‘जॅम-पॅक्ड’ आणि ‘चॉक-अ-ब्लॉक’ हे त्याचेच सोयरे. त्यातला दुसरा जहाजावरच्या दोरखंडाच्या कप्प्यांवरून आला. दोन कप्प्या ओढून एकमेकींना भिडल्या की दोर पुढे सरकत नाही, तशी दाटी. पण आगारप्रमुखाला बस वाढवून मागण्याचा अर्ज लिहायचा असेल तर सार्डिन, मुंगी, तीळ सगळे बाजूला ठेवावे. तिथे गाडीची वेळ लिहावी, आसने किती, उभे किती, दारात लोंबकळणारे किती आणि त्यात शाळेच्या पोरी किती, हे आकड्यांत लिहावे. अलंकाराला साहेब हसतो. आकड्याला त्याला उत्तर द्यावे लागते.

आपल्या मराठीत गर्दीची दौलत कमी नाही. मुंगी शिरायला जागा नाही, तीळ ठेवायला जागा नाही, खचाखच, दाटीवाटी, रेटारेटी, तोबा गर्दी. आमच्या भागात कापसाच्या हंगामात बंडीत कापूस भरताना माणूस वर चढतो आणि पायाने तुडवून तुडवून भरतो. काटोल रस्त्यावरच्या काळीपिवळीत माणसे भरताना पाहिली की तोच कापूस आठवतो. एक पाय आत, एक बाहेर, आणि चालक म्हणतो, ‘भाऊ, जरा सरका नं, अजून दोन बसतेत.’ शिवाय आपल्या भाषेत एक असा शब्द आहे, ज्यापुढे इंग्रजांचा सार्डिनही फिका पडावा. तो म्हणजे ‘डबा’. मासळी बंद करतात तो डबा, आणि माणसे भरून नागपूरहून इटारसीच्या मार्गावर कळमेश्वर, काटोल करत जातो तोही डबा. एस.टी.ला तर लोकांनी ‘लाल डबा’ असेच नाव ठेवले. इंग्रजीत ‘टिन’ वेगळा, ‘कोच’ वेगळा. आपल्या लोकांनी दोघांना एकच शब्द लावला. जनरल डब्यात बसून पाहिलेल्यांनीच तो लावला असेल!

या वाक्प्रचारात एक गोम आहे. ‘पॅक्ड’ म्हणजे भरलेले, भरले गेलेले. कोणी भरले? वाक्य ते सांगत नाही. सार्डिन काही पोहत येऊन स्वतःहून डब्यात आडवी होत नाही. तिला पकडणारा असतो, तिच्यासाठी डब्याचे माप ठरवणारा असतो, रचणारा असतो आणि विकून पैसा करणारा असतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर मासळी डबाबंद करण्याचे कारखाने निघाले आणि सार्डिनचा डबा जगभर गेला. त्या किनाऱ्यावर ब्रिटनी प्रांतात दुआर्नेने नावाचे बंदर आहे. तिथे डबे भरण्याचे काम बाया आणि पोरी करत. मासळी नासते म्हणून बोट लागेल तेव्हा कामाला जायचे, मग रात्र असो की पहाट. मजुरी तुटपुंजी. १९२४ च्या नोव्हेंबरात त्या बायांनी संप पुकारला, दीड महिन्याच्या वर चालवला आणि १९२५ च्या जानेवारीत मजुरीवाढ पदरात पाडून घेतली. डबे भरणाऱ्या हातांची ही गोष्ट मात्र वाक्प्रचारात कुठे उरलेली नाही. तिथे फक्त मासळी उरली.

माणसांना डब्यासारखे रचण्याचे काम सार्डिनच्याही आधीचे आहे. १७८८ साली इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी ‘ब्रूक्स’ नावाच्या गुलामवाहू जहाजाचा नकाशा छापला. जहाजाच्या तळघरात आफ्रिकी माणसे कशी आडवी रचायची, हे त्यात दाखवले होते. त्या वर्षीच्या नव्या कायद्याने त्या जहाजाला ४५४ माणसांचीच परवानगी होती. त्याआधी त्याच जहाजाने ६०० च्या वर माणसे नेली होती. नकाशा पाहून इंग्लंडच्या सामान्य माणसाच्या पोटात कालवले आणि चळवळीला बळ मिळाले. त्या कार्यकर्त्यांनी नुसते ‘फार गर्दी होती’ असे म्हटले नाही. कोणी कोंबली, किती कोंबली आणि कोणत्या कायद्याने कोंबली, तेही पुढे ठेवले.

पण इंग्रजी भाषा सगळीच कोंबाकोंबी आठवणीत ठेवत नाही. गुदमरवणाऱ्या खोलीला इंग्रज माणूस अजून ‘ब्लॅक होल ऑफ कॅलकटा’ म्हणतो. १७५६ साली कोलकात्यात सिराज उद्दौलाच्या शिपायांनी इंग्रज कैदी एका कोठडीत डांबले आणि एका रात्रीत त्यातले बहुतेक गुदमरून मेले, ही ती हकिकत. हॉलवेल नावाच्या इंग्रजाने कैद्यांचा आकडा १४६ सांगितला. तो फुगवलेला होता असे पुढच्या इतिहासकारांनी दाखवले. तरी वाक्प्रचार टिकला. आता दुसरी बाजू पाहा. १९२१ च्या नोव्हेंबरात मलबारात इंग्रज सरकारने तिरूरहून सुमारे १०० कैदी, बहुतेक मोपला शेतकरी-मजूर, रेल्वेच्या बंद मालडब्यात कोंबून पाठवले. पोदनूरला दार उघडले तेव्हा बहुतेक गुदमरून मेले होते. मृतांचा आकडा ७० च्या घरात गेला. ही ‘वॅगन ट्रॅजेडी’ केरळात लहान पोरालाही माहीत आहे. इंग्रजीत मात्र तिचा वाक्प्रचार झाला नाही! ज्यांनी कोंबले, ते स्वतःच्या कोंबण्याचा वाक्प्रचार कशाला करतील?

हे केवळ इंग्रजांचे नाही. स्वतंत्र भारतातही गर्दीचे शब्द असेच बिनमालकाचे राहिले. मुंबईच्या लोकलसाठी रेल्वेच्या तंत्रज्ञांनी एक शब्द घडवला, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी, असा त्याचा हिशोब. चौरस मीटर म्हणजे जेवायच्या लहान टेबलाएवढी जागा. सार्डिनला निदान आडवे पडायला मिळते! ज्या दाटीने लाज वाटायला हवी होती, तिला तांत्रिक नाव मिळाले आणि ती कागदावर बसून गेली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. दुसऱ्या दिवशी जो तो गर्दीबद्दल, पावसाबद्दल, अफवेबद्दल बोलत होता. पूल किती रुंद ठेवायचा हे कोणी ठरवले, हा प्रश्न मागच्या बाकावर गेला.

आमच्या नागपूरचा घाव त्याहून जुना आहे. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होते. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर आला. गुरे राखणारा हा समाज. बाया कडेवर पोरे घेऊन आलेल्या. पुढे अडथळे, मागून लोकांचा रेटा, निवेदन घ्यायला कोणी बाहेर येईना. पोलिसांचा लाठीमार झाला, पळापळ झाली आणि ११४ जीव गेले. त्यात बाया आणि लेकरेच जास्त. सरकारदरबारी आणि वर्तमानपत्रांत या घटनेचे नाव पडले ‘चेंगराचेंगरी’. हा शब्द नीट पाहा. त्यात कर्ताच नाही. जणू गोवाऱ्यांनीच गोवाऱ्यांना चेंगरले! अडथळे कोणी लावले, लाठी कोणी उगारली, तासन्‌तास ताटकळत कोणी ठेवले, हे सगळे त्या एका शब्दाने गिळले. आज सीताबर्डीत त्यांचे स्मारक आहे, उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे. पण ज्या मागणीसाठी ते आले होते ती? २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पुलाला नाव मिळाले, यादीत नाव मिळाले नाही.

गर्दीला नाव ठेवणारा माणूस बहुधा गर्दीबाहेर असतो. २००९ साली केंद्रात मंत्री असलेल्या शशी थरूर यांनी विमानातल्या स्वस्त वर्गाला ‘कॅटल क्लास’ म्हटले आणि देशभर गदारोळ झाला. इंग्रजीत तो शब्द प्रवाशांना गुरे म्हणत नाही. प्रवाशांना गुरांसारखे कोंबणाऱ्या विमान कंपनीला टोमणा मारतो. थरूर यांचे समर्थक तेच सांगत राहिले. पण आपल्या देशात माणसाला जनावराच्या पंगतीत बसवण्याचा इतिहास इतका मोठा आहे की टोमणा भलत्यालाच लागला. आमच्या मते लोक चुकले नव्हते. परदेशातला शब्द आणताना तो आपल्या मातीत कुणाच्या अंगावर पडेल, हे मंत्र्याला कळायला हवे होते.

आणि आमची दाटी म्हणजे नुसता त्रास, असेही नाही. दाटीवाटी म्हणजे अंगाला अंग लागणे, आणि अंगाला अंग लागू नये म्हणून तर या देशात सगळी व्यवस्था रचली गेली. मार्क्सने १८५३ साली लिहिले होते की रेल्वेतून उभे राहणारे कारखाने भारतातल्या जातींचा पाया असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडतील. तसे काही झाले नाही. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले आणि रेल्वेने मसूर स्थानकावर उतरले. पोरे महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, आणि गाडीवानांनी बैलगाडीत बसवायला नकार दिला. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये हे लिहून ठेवले आहे. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही पोरांनीच गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या बोलीवर. म्हणजे गाडीत जागा होती. भरपूर होती! आम्हांला जागा नाही असे सांगण्यासाठी या देशात गर्दी असावी लागत नाही. गावाबाहेरच्या वस्तीत एका खोलीत आठ-आठ माणसे झोपत आली आणि गावात वाड्यांचे सोपे रिकामे पडून राहिले, हा हिशोब कोणत्या वाक्प्रचारात बसतो?

म्हणून अशोक विजयादशमीला कळमेश्वर स्थानकावर गाडी येते, डब्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि आतली बाई आपले पोर मांडीवर घेत ‘या ताई, इथं टेका’ म्हणते, तेव्हा ती दाटी आम्हांला सार्डिनची वाटत नाही. या माणसांना कोणी भरलेले नसते. ती आपल्या भाकरी बांधून, आपल्या पायांनी आलेली असतात. परतताना त्यांच्या पिशवीत पुस्तके असतात. प्रस्थापितांच्या वर्तमानपत्रांना यात दिसते ती ‘तोबा गर्दी’, वाहतुकीची कोंडी आणि कचरा. पंढरीच्या वाटेवरच्या लाखोंसाठी ‘मेळा’ आणि ‘महापूर’, दीक्षाभूमीच्या आणि चैत्यभूमीच्या लाखोंसाठी ‘ताण’. दीक्षाभूमीवर येणारा बहुतेक माणूस रेल्वेने, बसने आणि पायी येतो, तरी सरकारला सुचले ते जमिनीखालचे वाहनतळ! १ जुलै २०२४ ला अनुयायी रस्त्यावर उतरले, तेव्हा ते काम थांबवावे लागले.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली ती सांगतो. गर्दीच्या डब्याची उपमा सध्या थेट आपल्यावर चालवली जात आहे. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. त्या निकालात न्यायमूर्ती भूषण गवई यांनी वर्गीकरणाला विरोध करणाऱ्यांची तुलना जनरल डब्यातल्या प्रवाशाशी केली. बाहेर असतो तोवर तो आत शिरायला धडपडतो, आणि आत शिरला की दुसऱ्याला येऊ देत नाही, असा तिचा आशय. पुढे मे २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांच्या सुनावणीत न्यायमूर्ती सूर्यकांत यांनीही आरक्षणाला रेल्वेच्या डब्याचीच उपमा दिली. गवईसाहेब आपल्या अमरावतीचे, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, त्यांच्याबद्दल आम्हांला आदर आहे. उपमेत खोटे काही नाही, हेही कबूल करतो. दारात अडून बसणारा प्रवासी आम्ही पाहिला आहे. आपल्यातही तो आहे, आणि मातंग, वाल्मीकी बांधवांची तक्रार ऐकून न घेता उडवून लावणे हे बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभत नाही.

पण उपमा अर्ध्यावर थांबते. ती दारातल्या प्रवाशाकडे बोट दाखवते आणि गाडीला जनरल डबे किती, हे विचारत नाही. मधल्या वर्षांत लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांत साधे डबे घटत गेले आणि वातानुकूलित डबे वाढत गेले. ओरड फार झाली तेव्हा २०२४ साली रेल्वेनेच जनरल डबे वाढवण्याची घोषणा केली. दारातली मारामारी डबे घटल्यामुळे वाढली, प्रवाशाचा स्वभाव काही एकाएकी बिघडला नाही. आरक्षणाचेही तेच झाले. सरकारी कारखाने विकले, भरती गोठवली, शिपाई-सफाईची कामे कंत्राटावर दिली, अनुशेष वर्षानुवर्षे भरला नाही. कळमेश्वरच्या एमआयडीसीत पोलादाच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा चढवणारा मोठा कारखाना आहे, इतरही कारखाने आहेत. त्यातल्या एकाही दारावर आरक्षण नाही, कारण खाजगी कारखान्याला ते लागूच नाही. गाडीचे डबे एकेक करून काढून घ्यायचे आणि उरलेल्या एका डब्यात महार, मांग, चांभार, वाल्मीकी यांनी एकमेकांचे कोपर बरगडीत घेत उभे राहायचे, मग वरून सांगायचे की पाहा, हे एकमेकांना जागा देत नाहीत. आमचा सवाल एवढाच की न्यायालयासमोर डब्याची उपमा निघाली, तर डब्यांची संख्याही तिथे निघायला हवी होती की नाही?

उपवर्गीकरण करा किंवा करू नका, दोन्ही बाजूंनी भांडणाऱ्यांनी आधी हा आकडा मागावा. कोणत्या खात्यात मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, अनुसूचित जातींतल्या कोणत्या जातीची माणसे कोणत्या वर्गात किती. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. कळमेश्वर-ब्राह्मणी नगरपरिषदेपासून सुरुवात करता येईल. तिथल्या सफाई कामगारांत कायम किती आणि ठेकेदाराचे किती, हे आमच्यापैकी कितीजणांनी विचारले आहे?

दीक्षाभूमीच्या इतिहासात एक तपशील आहे, तो पोरांना सांगायला हवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. गावोगावहून माणसे तेव्हाही रेल्वेने, बैलगाडीने, पायी आली होती, आणि काही वेळेवर पोचू शकली नव्हती. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, त्याच मैदानावर पुन्हा दीक्षा झाली. १६ तारखेला बाबासाहेब चंद्रपूरला गेले आणि तिकडच्या माणसांना तिथे दीक्षा दिली.